शहामृगांची आई झालेला वेल्डर

सौदीतल्या तबूकजवळच्या एका फार्मवर तीन वर्षं मी माणसांना शहामृगाची पिल्लं वाढवायला शिकवत होतो. तिथं जाईपर्यंत मी शहामृग एकदाच पाहिला होता, प्राणिसंग्रहालयात, जाळीपलीकडून, तोही बसलेला. सांगलीकडे कोंबड्यांच्या हॅचरीत आठ वर्षं काढली होती. मुलाखतीत विचारलं, शहामृगाचं काम येतं का? म्हटलं, पक्षीच ना, येतं की.

माझ्या हाताखाली कोकणातले तीन नवे गडी दिले. पिल्लांच्या शेडवर टिकले तर सावली आणि कूलर, नाहीतर दिवसभर उन्हात कुंपणाचे खांब पुरायचे. त्यातला एक गुहागरकडचा. इकाम्यावर, म्हणजे तिथं राहायच्या परवान्यावर, त्याचा धंदा वेल्डर लिहिला होता, म्हणून सगळे त्याला वेल्डर म्हणत. वेल्डिंग त्यानं जन्मात केलं नव्हतं. त्या हिशेबानं आमचं दोघांचं जमायला हरकत नव्हती.

पहिल्याच दिवशी मी भाषण ठोकलं. "पिल्लू अंड्यातून निघालं की पहिले काही दिवस जो त्याच्याजवळ राहील तीच त्याची आई. त्याला खायचंसुद्धा कळत नाही. आपण बोटानं चाऱ्यावर टकटक करायची, आपण खातोय असं दाखवायचं."

"मास्तर, खाऊनच दाखवा ना," प्लास्टरचं काम सोडून आलेला दुसरा म्हणाला.

दाखवलं. कच्चा लसूणघास, मूठभर. दोघं हसून हसून खाली बसले. वेल्डर हसला नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मास्तर, माणसाच्या पोराचंपण असंच असतं काय?"

मग कळलं. आधी तो दमामच्या एका कॅम्पात होता. पहिली मुलगी झाली तेव्हा तिकडेच अडकला. घरी गेला तोवर ती दोन वर्षांची. त्याला बघून आईच्या मागं लपली आणि सुट्टी संपेपर्यंत त्याला 'तो माणूस' म्हणत राहिली. आता बायकोला पुन्हा दिवस गेले होते. बाळंतपणाला घरी सोडायचं, हे त्यानं इथं येतानाच कफीलकडून, म्हणजे आमच्या अरब मालकाकडून, कबूल करून घेतलं होतं.

त्याच्या वाट्याला सव्वीस पिल्लं आली. शहामृगाचं नवं पिल्लू काही गोंडस नसतं: पाय सरड्याचे, मान सापाची, अंगावर साळिंदराचे काटे. वेल्डर रात्रंदिवस त्यांच्यात बसला. तो उठला की सव्वीस उठत, तो थांबला की सव्वीस थांबत. इतकं चांगलं काम माझ्या एकाही शिष्याकडून झालं नव्हतं, आणि माझ्याकडून तर नाहीच.

अशात एकदा कफील पाहुणे घेऊन आला. पाहुणे दिसले की माझी जीभ सुटते. मी ऐटीत म्हणालो, "ये आदमी नहीं रहा तो बच्चा लोग दाना नहीं खाएगा. मर जाएगा. ऐसा ट्रेनिंग दिया मैंने."

कफीलनं माझी पाठ थोपटली. मी दोन दिवस हवेत.

महिन्याभरानं वेल्डर कफीलकडे सुट्टी मागून परत आला आणि शेडच्या दाराशी उभा राहिला.

"कफील म्हणतो, दोन महिन्यांनी जा. मी गेलो तर पिल्लं मरतील, असं मास्तर बोलला."

"अरे, तुझं कौतुक करायला बोललो रे मी."

"व्हय. पण बाळंतपण बारा दिवसांवर आलंय, मास्तर."

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी एक युक्ती लढवली. त्याचे कपडे चढवले, त्याची टोपी घातली, त्याच्यासारखी हाक घातली आणि शेडमध्ये शिरलो. पिल्लांनी एकदा बघितलं आणि सगळी कोपऱ्यात पळाली, एकावर एक चढली. मी त्यांना सोडवेपर्यंत खालची तीन गुदमरली होती. त्यांना उचलताना माझ्या बाह्यांना वेल्डरच्या घामाचा वास येत होता.

तसाच कफीलकडे गेलो. सांगितलं, चूक माझी आहे. पहिल्या दिवसापासून पिल्लांजवळ दोन माणसं बसवायला हवी होती, ते मला सुचलं नाही. आणि हेही सांगितलं, की इथं येण्याआधी मी शहामृग पाळलेलाच नव्हता.

"और मरेगा?"

"मरेगा. थोडा."

"तो तुम बैठो उधर. मास्टर खलास."

वेल्डरच्या पासपोर्टवर सुट्टीचा शिक्का बसला. मास्तरकी प्लास्टरवाल्याकडे गेली.

त्याच्या विमानाला उरलेले सहा दिवस वेल्डर आणि मी शेडमध्ये शेजारी बसलो. त्याचं बोट चाऱ्यावर, बाजूला माझं.

"हळू, मास्तर. कुणाचं दार वाजवताय?"

सहाव्या दिवशी माझ्या बोटापाशी दोन पिल्लं आली. त्याच संध्याकाळी तो निघाला. जाताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पिल्लं दारापर्यंत त्याच्यामागं गेली आणि बंद दारासमोर उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात आणखी आठ गेली.

नवव्या दिवशी त्याचा फोन आला. बाळ तारखेच्या आधीच आलं होतं, तो पोचला तेव्हा दोन दिवसांचं होतं. मुलगा.

"रडला का तुला बघून?"

"नाय वो. झोपलाय माझ्या हातावर. आतापण."

"आणि मोठी?"

"लांबच असते. पण बाळाला घेऊन बसलो की जवळ येते, त्याला बघायला. आज माझ्या गुडघ्यावर हात ठेवला." मग त्यानंच विचारलं, "आपली पिल्लं खातात ना, मास्तर?"

समोर पंधरा होती, माझ्या बोटाकडे बघत.

"खातात," मी म्हणालो. "सगळी खातात. तू बस."