खंडेनवमीला अडलेला ट्रक

खंडेनवमीला पहाटे साडेचारला उठलो. निवृत्त माणसाला इतक्या लवकर उठायचं कारण नसतं. मला होतं. माझी बायको सुहासिनी सहाला उठते, आणि ती उठली की गॅरेजमधली सगळी हत्यारं पूजेच्या पाटावर जाणार होती. त्याआधी ट्रकचं स्टिअरिंग जोडून इंजिन सुरू करायचं, असा बेत होता.

ट्रक म्हणजे जुना शेवरोले पिकअप. अमेरिकेत येऊन कारखान्यात नवा लागलो तेव्हा डबा खाताना समोरच्या आवारात असा एक उभा दिसायचा. त्याच्याकडे बघत मी बरीच वर्षं पोळीभाजी खाल्ली. पुढे ओव्हरटाइमचे पैसे वेगळे ठेवायला लागलो, ते याच्यासाठी. निवृत्त झाल्यावर घेतला तेव्हा त्याचं इंजिन जाम होतं. मग अपघातात गेलेल्या एका नव्या ट्रकचं इंजिन आणलं आणि जुन्यात बसवायला घेतलं. हे काम पिस्कॅटवेच्या आमच्या गॅरेजात इतकं लांबलं की शेजाऱ्यांनी विचारायचं सोडलं. सुहासिनीने सोडलं नाही. दसरा झाला की तिच्या दिवाळी फराळाच्या आणि पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी सुरू होतात. तिला गॅरेज हवं होतं.

"दसऱ्याला तो स्वतःच्या इंजिनावर बाहेर आला तर ठेवा," ती म्हणाली. "ढकलून काढावा लागला तर तसाच विकायचा."

मी हो म्हणालो. चार पाहुण्यांसमोर, श्रीखंड खाताना म्हणालो. त्यामुळे शब्द फिरवता येईना.

राहिलं होतं ते धुराचं. इंजिनातला जळका धूर बाहेर काढायला दोन्ही बाजूंना काहीतरी लागतं. साधा मार्ग म्हणजे बिडाचा मॅनिफोल्ड. जाड, गंजका, इंजिनाला चिकटून बसणारा. दिसायला भाजक्या रताळ्यासारखा. दुसरा मार्ग म्हणजे हेडर. त्यात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाकवलेली नळी, आणि सगळ्या खाली जाऊन एकत्र मिळतात. हेडर आखूडही मिळतात आणि लांबही. लांब हेडरने ताकद वाढते आणि आवाज भारदस्त येतो. मी ट्रक मंडईला नेणार होतो, शर्यतीला नाही. तरी लांब घेतले. चकचकीत होते. कारण तेवढंच. बाकीची कारणं मी सुहासिनीसाठी जमवली होती.

लांब हेडरची अडचण जागेची. स्टिअरिंगचा दांडा इंजिनाच्या शेजारून खाली उतरतो, तिथेच नळ्याही उतरतात. मी ती अडचण आधीच ओळखली होती, आणि त्याचा मला अभिमान होता. दांडा रंगवायला काढून ठेवला होता, तरी जागा सोडायला विसरलो नाही. इंजिन ज्यांवर बसतं ते माउंट बोटभर बाजूला घेऊन वेल्ड केले. इंजिन दांड्यापासून दूर सरकलं. वेल्डिंग असं केलं की हात फिरवला तर शिवण लागू नये. त्यात आठवडा गेला.

तर त्या पहाटे रंग वाळलेला दांडा घेतला आणि खाली सोडला. तो थेट नळीवर जाऊन टेकला. फिरवून पाहिला. काढून परत घातला. मी झुकलो, वाकलो, आडवा झालो. दांडा आणि नळी दोघांनाही एकच जागा हवी होती.

नवीन नळीला हातोडीने खड्डा पाडला तर दांडा जाईल, हे मला ठाऊक होतं. बरेच लोक तसं करतात. मी हातोडी उचलली, नळीत माझा चेहरा दिसला, आणि हातोडी खाली ठेवली. तेवढ्यात सुहासिनी ताम्हन घेऊन आली.

"झालं?"

"एक तास दे."

"एसटीत असताना खंडेनवमीला पाना उचलत होता?"

मी सांगली डेपोत फिटर होतो. तिथे या दिवशी गाड्यांना हार, हत्यारांना हळदकुंकू. दुसऱ्या दिवशी पाट हलेपर्यंत पान्याला कोणी शिवत नसे. साहेबांनी सांगितलं तरी नाही. हे मीच तिला अनेकदा ऐकवलेलं.

"इथे कोण बघतंय?" मी म्हणालो.

"मी बघतेय."

तिने पाने, पक्कड, हातोडी, वेल्डिंगची टोपी, सगळं पाटावर मांडलं. टॉर्चसुद्धा घेतला. तो हत्यार आहे का, यावर आम्ही थोडं बोललो. ती जिंकली. मग मी स्टुलावर बसून इंजिनाकडे नुसता बघत राहिलो. कामाच्या माणसाला याहून वाईट शिक्षा नाही.

दुपारी मुलगी आली. नैना फिजिओथेरपिस्ट आहे, दसऱ्याला घरी येते. गॅरेजच्या दारात कॉफी घेऊन उभी राहिली आणि मान तिरपी करून बघायला लागली. पेशंटकडे बघते तशी.

"बाबा, हे इंजिन वाकडं का आहे?"

"वाकडं नाही. मुद्दाम सरकवलंय. स्टिअरिंगला जागा पाहिजे."

"ओके. पण स्टिअरिंग या साइडला आहे ना?"

"हो."

"आणि इंजिन पण याच साइडला सरकलंय."

मी उठलो. बोनेटसमोर जाऊन उभा राहिलो, माउंट लावताना उभा होतो तसा. एसटीची गाडी समोरून बघा, स्टिअरिंग तुमच्या डाव्या हाताला येतं. मी डाव्या हाताची बाजू मोकळी ठेवली होती, व्यवस्थित, बोटभर. अमेरिकेत ते उजव्या हाताला येतं. इथे आल्यापासून मी रोज डाव्या सीटवर बसून गाडी चालवतोय. डोक्याला ते कळलंय. हातांना कोणी सांगितलं नव्हतं.

"बाबा?"

"बरोबर आहे तुझं."

"सो, आठवडाभर तुम्ही इंजिन रॉंग साइडला ढकलत होता?"

"वेल्डिंग चांगलं झालंय," मी म्हणालो.

ती हसली नाही. कॉफीत बघत राहिली. खांदे हलत होते, ते मला दिसलं.

माउंट कापून परत बसवायला आठवडा हवा होता, माझ्याकडे एक दिवस होता. आखूड हेडर मागवले तर ते दसरा उलटल्यावर येणार. आज मिळण्यासारखं आणि इंजिनाला चिकटून बसणारं एकच उरलं: बिडाचं रताळं. पाना उचलायची बंदी होती. सामान आणायची नव्हती. मी नैनाला म्हणालो, चल.

वॉल्टर नावाचा एक ओळखीचा माणूस मोडलेल्या ट्रकांचे सुटे भाग विकतो. माझं नाव त्याने छाटून मो केलंय. मी काय हवंय ते सांगितलं. तो आत गेला, एक जोडी घेऊन आला आणि टेबलावर ठेवली.

"ओळख पटते का, मो?"

पटली. इंजिन आणलं तेव्हा हेच मॅनिफोल्ड त्याला लागून आले होते. मी स्वतः त्याच्याकडे टाकून गेलो होतो, फुकट.

"तू म्हणालास, हे ज्याला इंजिन कळत नाही त्याला दे," वॉल्टर म्हणाला. "मी योग्य गिऱ्हाईक येईपर्यंत ठेवले."

नैनाने दुसरीकडे तोंड केलं. मी पाकीट काढलं. घासाघीस करायला तोंडच उरलं नव्हतं. त्याने गिऱ्हाइकाचा भाव लावला, मी गिऱ्हाइकासारखा दिला.

दसऱ्याला सकाळी सुहासिनीने पाट हलवला. पाना हातात यायला थोडा जास्त वेळ लागला, कारण तिने मुद्दाम आरती लांबवली असं माझं मत आहे. हेडर उतरवले, मॅनिफोल्ड चढवले. दांडा त्यांच्या शेजारून सरळ खाली गेला. मध्ये अंगठा जाईल एवढी जागा राहिली, तीही इंजिन चुकीच्या बाजूला सरकलेलं असताना. खालचे जुने पाइप जोडायला दुपार झाली. एक बोल्ट अडून बसला, तो काढताना बोटांची सालं निघाली. मी किल्ली फिरवली.

आवाज अगदी साधा आला. दूधवाल्याच्या टेम्पोसारखा. भारदस्तपणा नव्हता. पण ट्रक हलला, उंबऱ्यावरून उतरला आणि ड्राइव्हवेवर स्वतःच्या पायांवर उभा राहिला. सुहासिनीने चाकाखाली लिंबू ठेवलं होतं, ते चिरडल्याचं ऐकू आलं.

"आला की," ती म्हणाली. "मग आता राहू दे तिथेच. गॅरेज मला."

हे ठरलेलं नव्हतं. ठेवा म्हणाली होती. कुठे ठेवा, ते मी श्रीखंडाच्या नादात विचारलं नव्हतं.

हेडर वॉल्टरने घेतले. नव्यासारखे आहेत म्हणालो, तर म्हणाला, हो, वापरलेच नाहीत तू. ते पैसे आणि ओव्हरटाइममधले उरलेले पैसे एकत्र केले आणि सुहासिनीच्या पुरणपोळ्यांसाठी मोठा आडवा फ्रीझर घेतला. दुकानातून घरी तो ट्रकमधूनच आणला, दोराने बांधून, सावकाश.