इअरफोनचं दुसरं टोक

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. हे अभिमानाने सांगते, कारण ते कुणी फुकट दिलेलं नाही. बंगळुरूला कोरमंगलात नोकरी लागली तेव्हा वाटलं, आता घरातलं कुठलंही दुखणं मी निस्तरीन.

मग ताईचं बाळ पोटातच गेलं. ती जेवेना, बोलेना. विहिरीकडे जाऊन बसायची. तिच्या सासरच्या तालुक्याला मनाचा डॉक्टर महिन्यातून एकदा येतो, आणि व्हरांड्यात नाव मोठ्याने पुकारतात. ऐकायला अर्धं गाव तिथेच. "घराण्याचं नाव पुकारून घ्यायचंय का?" म्हणत सासूने नेलंच नाही.

मी जे. पी. नगरात एक समुपदेशक बाई शोधल्या. पिढ्यान् पिढ्या बंगळुरूच्या, पण घरात मराठी, मधूनमधून कानडी मिसळलेली. फोनवर बोलायला तयार झाल्या. आता ताईच्या सासरी फोन आला की स्पीकरवर; एकटीने कानाला लावणं म्हणजे चोरी. म्हणून मी वायरचा इअरफोन पाठवला.

पहिल्या फोननंतर बाईंनी मला बोलावलं.

"स्वल्प बसा. ताई एकटी नव्हती. जीव द्यावासा वाटतो का, विचारलं, तर शेजारून कुणीतरी 'अगंबाई' म्हणालं."

इअरफोनला दोन टोकं असतात. एक ताईच्या कानात, दुसरं सासूच्या.

"आणि ताई?"

"नाही म्हणाली. पण फार वेळाने. घेऊन या तिला, लवकर."

रजा टाकून गेले. सासू दारातच उभी.

"काय गं शिकलेल्या बाई, असलं अभद्र विचारते तुझी डॉक्टरीण?"

"मावशी, ताईला न्यायला आलेय."

"माहेरी न्यायला मुराळी म्हणून बहीण आलेली मी नाही बघितली. बापा-भावाच्या जागी चुलता आहे ना? नागपंचमीला पाठव त्याला. रीतीने नेईल."

झाडांवर आंबे अजून हिरवे होते. पंचमी कुठे, आम्ही कुठे! मी भांडले. भावजी भिंतीकडे बघत राहिले.

ताई एस.टी.पर्यंत सोडायला आली. सासू मागोमाग होतीच. ताई हळूच म्हणाली, "त्या बाईंना सांग, पंचमीपर्यंत धरते कशीतरी."

गाडीत बसल्याबसल्या मी चुलत्यांना फोन लावला. "काका, उद्याच ताईला आणायला जा."

"उद्या? सणासुदीशिवाय? काय कारण सांगू त्यांना?"

मी भर गाडीत ओरडून कारण सांगितलं.