मागे घेतलेले हात

लांबच्या बसप्रवासानंतर माझी डावी पोटरी दुखत होती. धावण्याची शर्यत आठवड्यावर आली होती, म्हणून खेळाडूंना मसाज देणाऱ्या शैलाताईंकडे गेलो. त्या रगडतील, मी कण्हेन आणि मोकळा होऊन घरी येईन, एवढीच माझी कल्पना. त्या मात्र आधी प्रश्नच विचारत बसल्या. मग दोन्ही पोटऱ्यांवर नुसते तळहात ठेवले आणि लगेच मागे घेतले.

"दादा, मी मसाज करणार नाही. हा पाय सुजलाय, गरमही लागतोय. इथूनच थेट दवाखान्यात जा."

"थोडं दाबलंत तरी बरं वाटेल हो."

"आत रक्ताची गाठ असली, तर दाबल्याने सुटून छातीत जाईल."

मी तिथूनच रिक्षा करून दवाखाना गाठला. तपासणीत गाठच निघाली. औषधांनी पाय बरा झाला.

दाबणारा हात मायेचा, असंच मी समजत आलो होतो. शैलाताईंकडे गेलो त्याच्या आदल्या संध्याकाळी मीच बायकोला म्हणालो होतो, "जरा पोटरीवर पाय देऊन उभी राहा." ती आलीही होती, दूध उतू जाईल म्हणून परत फिरली.

ती उभी राहिली असती तर काय झालं असतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.