कामठ्याच्या गढीत माझी बादली कोरडी आली

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. धानाच्या बांधीत वाढलो, घरात पहिला बी. ए. झालो. पुढचे वाचून कुणी हसले तर खुशाल हसो.

गोंदिया तहसील, कामठ्याची गढी. इंग्रजी फौजेने तिला वेढा घातला होता, एवढेच पुस्तकात मिळते. मला पूर्ण इतिहास लिहायचा होता, आणि त्यातली एक ओळ ठरलेली — वेढ्यात आमचे खापरपणजोबा लढले. घरी लहानपणापासून तेच ऐकत आलो.

दोन वर्षांपूर्वी, चैत्रातल्या भर दुपारी, एका मित्राला घेऊन गेलो. रखवालदार डोमाजीने गाव विचारले, आडनाव विचारले. माझे ऐकून त्याचे तोंड आवळले. विहिरीतून पाणी काढून त्याने मित्राच्या ओंजळीत ओतले आणि उरलेले माझ्यासमोर मातीत ओतून दिले.

"मले काऊन नाही?"

"तुमच्या घरच्याले अठी पाणी नाही. बापाले विचार जाय."

मी चिडलो... दोर हिसकावला, बादली सोडली. पाण्यावर आपटल्याचा आवाज आला, दोर जड झाला. वर आली ती कोरडी. तळाशी धूळ. भोक शोधले — नव्हते. पुन्हा सोडली, पुन्हा तेच.

"सरका, बी. ए. साहेब," म्हणत मित्राने त्याच बादलीने काठोकाठ पाणी काढले. तो माझ्या ओंजळीत ओतणार, तोच डोमाजीने बादली लाथाडली. डोमाजी हसला असता तर बरे वाटले असते.

घरी बाबा दोर वळत बसले होते. सगळे ऐकून घेतले, मान वर केली नाही. मग म्हणाले, वेढ्यात तलावाची पाळ आपल्याच घरच्या त्या खापरपणजोबाने फोडली. खंदक आटला, विहीर आटली, आतले लोक तहानेने मेले.

"मंग लढला म्हणून कायले सांगितलं?"

"कॉलेजात तुले ताठ बसता यावं म्हणून."

दोराला आणखी एक पीळ देत म्हणाले, "मीनं बी एकदा ओढून पाह्यली होती बादली."

लेखात 'लढले' खोडून 'पाळ फोडली' लिहिले, आमच्या आडनावासकट. ते जमले. पण विहिरीला माझा हात कसा ओळखू आला, ते बी. ए.च्या कुठल्याच पुस्तकात नाही. कामठ्याकडे जाताना बाबांसारखाच मीही आता घरून पाण्याचा तुंबा भरून नेतो.