सत्तारभाईचं निळं सरबत

सत्तारभाई ग्लास विसळायचा आणि त्याच ओल्या हाताने दाढी पुसायचा. मला किळस यायची. लातुरात क्लासच्या गल्लीत माझी खानावळ होती आणि समोर त्याचा सोड्याचा गाडा. जेवून उठलेलं पोर म्हणायचं, मावशी, चाचांकडून लिंबूसोडा पिऊन येतो. मी म्हणायचे, "जा, पण ग्लास आपला ने."

तो औशाकडच्या एका खेड्यातला. भूकंपात घराखाली सापडला. त्याला जिवंत काढलं, भावाला नाही. तेव्हापासून तो स्लॅबखाली बसला नाही. पावसातही डोक्यावर पोतं घेऊन गाड्यापाशीच. "आक्का, आभाळ पडत न्हाई," म्हणायचा. उदगीरहून लेक न्यायला आली की आधी विचारायचा, "छत कशाचं हाय?" स्लॅबचं म्हटलं की बोलणं संपलं.

पत्रा मात्र त्याला चालायचा. शेजारी पत्र्याच्या शेडात व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पांढरी दाढी घेऊन हा माणूस पोरांच्या घोळक्यात बसून गेमची काडी हलवायचा. गेममधल्या तलवारवाल्याच्या अंगावर भिंत पडायची, तो मरायचा, निळी बाटली प्यायला की उठायचा. जांभळी प्यायला तर कायमचा खलास.

"लाज कशी वाटत नाही?" मी विचारलं.

"आक्का, हितं मेलेला उठून राहिला. दुसरीकडं कुटं दिसतं का सांगा."

मग गल्लीत दुकानोदुकानी फ्रीज आले. पोरं बंद बाटल्या प्यायला लागली. जावयाने बजावलं, दिवाळीपर्यंत गाडा चालला तर ठीक, नाहीतर उदगीरला चला. म्हणजे स्लॅबच्या घरात. सत्तारभाईचं तोंड उतरलं. त्यातून त्याच्या डोक्यात आलं की ती निळी बाटली खरोखरची बनवायची.

"काकटेल करून राहिलो, आक्का."

"म्हणजे दारूच की."

"तौबा. नुसती मिलावट. पोरं रोज बघतात ती बाटली. प्यायला मिळाली तर सोडतील का?"

त्यासाठी त्याने माझ्या कुंपणावरचा गोकर्णीचा वेल ओरबाडला. महादेवाला एक फूल ठेवलं नाही. फुलं उकळून त्या पाण्यात सब्जा, मूठभर काळं मीठ आणि वरून सोडा. सब्जा त्या निळ्यात बेडकाच्या अंड्यांसारखा तरंगायचा. मला बघवत नव्हतं.

क्लास सुटला आणि पोरं गाड्याभोवती जमली. त्याने पहिला ग्लास भरून उन्हात धरला. "चाचा, एकदम तीच!" एकजण ओरडला. सत्तारभाई हसला. आणि जन्मभर प्रत्येक ग्लासात लिंबू पिळलेला त्याचा हात आपणहून अर्ध्या फोडीकडे गेला. त्याने पिळलं. आमच्या डोळ्यांदेखत निळं पाणी जांभळं झालं.

"चाचा, ही तर मरायची बाटली," एक पोर म्हणालं. सगळे हसत सुटले. पुढे त्याने बिनलिंबाचं केलं तरी कोणी शिवलं नाही. "चाचा, मारता का?" म्हणत पोरं फ्रीजकडे जायची.

तो जांभळा ग्लास मी प्याले. फुलं माझी होती, गटारात जाऊ देणार नव्हते.

"कसं लागलं?"

"खारट. ओकारी येते."

त्याने मान हलवली. "ढिगाऱ्यातून काढल्यावर मीठपाणी पाजलं होतं मला. असंच लागलं होतं." मग हाताकडे बघत म्हणाला, "ह्यानं घात केला, आक्का."

"हातावर कशाला ढकलता? डोकं कुठं होतं?" मी म्हणाले.

दिवाळी झाली, जावई टेम्पो घेऊन आला. दुसऱ्या वर्षी सत्तारभाई गेल्याचं कळलं. त्याने घरात पाऊल टाकलं नाही म्हणे. अंगणात बाज टाकून राहिला, तिथेच गेला. शेवटची अंघोळ घालायला तेवढा आत नेला.

आता क्लासच्या गल्लीत गाड्यागाड्यावर निळं सरबत मिळतं. कसल्याशा बाटलीतून रंग ओततात. पोरी निळ्या जिभा बाहेर काढून फोटो घेतात. घाण नुसती. परवा एका गाड्यापाशी मी मुद्दाम थांबले. गाडेवाल्याने ग्लास भरला, वर अख्खं लिंबू पिळलं. तरी ते निळंच राहिलं.