बॉनेटवरचा चीक

वडूजला दहिवडी रस्त्यावर रहिमतबीची पत्र्याची शेड आहे. बोर्डावर अजून तिच्या नवऱ्याचंच नाव आहे, दस्तगीर पेंटर. दस्तगीर गाड्या रंगवायचा आणि ही पॉलिश करायची. तीन वर्षांपूर्वी तो छातीत कळ येऊन गेला. रंगकाम बंद पडलं, पण हिनं पॉलिश सोडलं नाही. डांबराचे शिंतोडे, पाखरांची घाण, झाडाचा चीक, रंगावर काहीही चिकटलेलं असो, खालच्या रंगाला धक्का न लावता ती ते काढते.

शेडच्या दुसऱ्या अर्ध्या भागात तिचा धाकटा दीर चांदसाहेब वेल्डिंग करायचा. भावामागं शेड आपल्याकडे येणार असं तो धरून चालला होता. मालकानं करार रहिमतबीच्या नावावर केला, आणि तेव्हापासून ती समोर आली की हा मान फिरवून थुंकायचा. गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "बाईमाणसानं भांडी घासावी. गाडी घासायला अक्कल लागती."

शेडमागं दगडी भिंतीची एक खोली होती. उन्हाळ्यातही गार राहणारी ती एकच जागा. तिथल्या लोखंडी कपाटात रहिमतबीचा सगळा जीव. पॉलिश, वॅक्स, शाम्पू, स्पिरिट, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, झाकणं घट्ट. मऊ कापडं झाकणाच्या डब्यात, कारण कापडाला लोखंडाचा एक कण लागला तरी रंगावर ओरखडा उठतो. रंग विरघळवणारा थिनर ती कपाटात ठेवतच नसे.

मे महिन्यात ती लेकीकडे, अर्फाकडे, साताऱ्याला गेली. अर्फा बाळंत झाली होती. तीन दिवसांनी भर दुपारी परत आली, तर कपाट रिकामं. खोलीत चांदसाहेबचे गॅसचे सिलिंडर उभे, आणि तिचा सगळा माल बाहेर पत्र्याच्या तुकड्यावर, उन्हात. नासलेल्या दुधासारखं पॉलिश फाटलं होतं. वॅक्स वितळून बाहेर वाहिलं होतं. कापडांत लोखंडाचा कीस.

ती काही बोलणार, तोच पुढून ओरडा ऐकू आला.

हंबीरराव सुभेदार उभे होते, फौजेतून निवृत्त झालेले, तिचे जुने गिऱ्हाईक. त्यांची निळी गाडी आठ दिवस आंब्याखाली होती. आंबे उतरवताना चीक गळला आणि उन्हात वाळून घट्ट बसला. सकाळी गाडी इथं चांदसाहेबच्या ताब्यात देऊन ते कचेरीत गेले होते. आता बॉनेटवर ताटाएवढा भाग पांढुरका झाला होता. मधे तर खालचा करडा प्रायमर दिसत होता.

"आलात? बघा तुमच्या दुकानाची करणी!"

"मी आत्ता एसटीतनं उतरले, सुभेदारसाब."

चांदसाहेब हात पुसत पुढं आला. "भाबीच्याच बाटलीतलं लावलं, साब. तिची औषधंच सडल्याली. त्यात माझा काय दोष?"

रहिमतबीची कानशिलं तापली. बाहेरच्या ढिगातून तिनं चिकाला लागणारी स्पिरिटची बाटली उचलली आणि बॉनेट उघडलं. चार वर्षांपूर्वी या गाडीला म्हैस आडवी आली होती, तेव्हा दस्तगीरनं हे बॉनेट रंगवलं होतं. झटपट वाळणारा रंग होता तो. असा रंग किती का जुना होईना, थिनर लागला की सुटतो. हे तिला ठाऊक होतं. चांदसाहेबनं विचारलंच नव्हतं.

आतल्या कडेलाही तोच निळा रंग होता. तिनं कापडावर स्पिरिट घेतलं, कडेला थोडा वेळ धरलं आणि पुसलं. कापडावर फक्त धूळ. मग ती चांदसाहेबच्या टेबलाकडे गेली, तिथला ग्रिलच्या रंगासाठी ठेवलेला थिनरचा डबा आणला, दुसऱ्या कापडानं तीच कड पुसली. कापड निळं झालं.

"हुंगा, सुभेदारसाब. बॉनेटबी हुंगा."

हंबीररावांनी हुंगलं, दोन्हीकडं थिनरचाच वास. त्यांनी चांदसाहेबकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता.

रहिमतबीनं ते कापड त्याच्या तोंडासमोर धरलं. "ह्यो तुझ्या भावाच्या हातचा रंग हाय. तुलाच पुसायचा व्हता काय रं?"

"तमाशा घरात करा!" हंबीरराव गरजले. "माझं बॉनेट कोण रंगवून देणार?"

"ज्यानं पुसलं त्यो."

"मी न्हाई देणार," चांदसाहेब म्हणाला. हंबीररावांनी त्याची कॉलर धरली. दोघं गाडीवर आदळले. शेजारच्या टायरवाल्यानं मधे पडून सोडवलं. दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या पेंटरकडे गाडी घेऊन जायचं चांदसाहेबनं कबूल केलं, तेही दात खात.

टपावर आणि दारांवर चिकाचे ठिपके अजून होते. तिनं प्रवासाच्या पिशवीतून धुतलेलं मऊ कापड काढलं तसे हंबीरराव म्हणाले, "हात लावू नका."

"तिथं कंपनीचा रंग हाय. पर चीक असाच ऱ्हायला तर त्योबी खाईल."

ते गाडीपासून बाजूला झाले. तिनं कोमट पाण्याचं कापड प्रत्येक ठिपक्यावर ठेवलं, चीक मऊ होऊ दिला, मग स्पिरिटनं अलगद टिपला. घासलं कुठंच नाही. तासभर ते डोक्यावर उभे होते, चूक सापडायची वाट बघत. चूक सापडली नाही. आभार न मानता ते गाडीत बसले.

संध्याकाळी तिनं चांदसाहेबला सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत जागा मोकळी कर."

"माझ्या भावाची जागा हाय ही."

"कराराचा कागद वाच. न्हाईतर वाचून घे कुणाकडनं."

तो गेला, पण लांब नाही. रस्त्यापलीकडेच गाळा घेतला आणि बाहेर पाटी लावली, 'गाडीवरील डाग काढून मिळतील'. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, भाबीनं सख्ख्या दिराला रस्त्यावर काढलं. काही जण तिकडं वळतात. हंबीरराव दोघांकडेही येत नाहीत.

रहिमतबीनं नासलेला सगळा माल टाकून दिला, नवा आणला, कपाटाला कुलूप लावलं. पुढच्या ईदला त्याच्या घरून दरवर्षीचा डबा आला नाही, हिनंही पाठवला नाही. समोर वेल्डिंगची ठिणगी उडायला लागली की ती गाडीच्या पलीकडच्या, त्याचा गाळा न दिसणाऱ्या बाजूला जाते आणि तिकडून काम सुरू करते.