बापूकाकाचा मजमून

माझ्या सख्ख्या काकाला मी स्वतःच्या हातानं बीडहून घालवून दिलं, तेही शुद्धलेखन तपासून!

बापूकाका माझा चुलता खरा, पण माझ्याहून अडीचच वर्षांनी मोठा. दोनदा नापास होऊन तो माझ्याच वर्गात आला होता. (मी वर चढलो नव्हतो, तोच थांबून राहिला होता.) निजामाच्या राज्यात शिकायचं तर उर्दूत. म्हणून आज्यानं आम्हा दोघांना आमच्या दिंद्रुड गावाहून आणून बिंदुसरा नदीकाठच्या एका खोलीत ठेवलं होतं. उभ्या बीडमध्ये मला ओळखणारा माणूस एकच, बापूकाका!

एकदा वर्गात आमच्या मौलवीसाहेबांनी मजमून, म्हणजे निबंध, लिहायला सांगितला : घरच्या वडीलधाऱ्यांना एखादी गोष्ट पटवून द्या. बापूकाकानं कच्चा मजमून माझ्यापुढं टाकला.

"बघ बे, कसा झालाय."

मी वाचला. बीडचं पाणी जड, भाकरी करपते, मौलवीसाहेब मारतात, बैलांची आठवण येते. सबब मला घरी न्यावं.

"काका, हे रडगाणं हाय," मी म्हणालो.

"कावून? समदं खरं हाय की!"

"खरं असू दे. आज्याला तुझ्या भाकरीचं काय पडलंय? त्याच्या फायद्याचं लिव. आन चार मुद्दे नको, एकच धर. बैल धर!"

त्यानं बैल धरले. घरचा माणूस औतामागं असला तर गडी कामचुकारपणा करत नाही, असा झकास मुद्दा निघाला.

"आता आज्जा काय म्हनंल, ते आदी तूच लिव आन उत्तर दे," मी आणखी रंगात आलो. "त्यो म्हनंल, मग शिकायचं कुनी?"

"मग काय लिवू?"

इथं माझ्या अंगात मोठेपणा शिरला. "लिव : पुतण्या लई हुशार हाय, त्यो दोघांचं शिकंल!"

बापूकाकानं ते वाक्य ठळक अक्षरात लिहिलं. मी शुद्धलेखन तपासून दिलं. मग त्यानं बसून दोन प्रती काढल्या. एक मौलवीसाहेबांना दिली. दुसरी दिंद्रुडला टपालानं धाडली! (हे मला सांगितलं नाही. तेवढी अक्कल नापास होऊनही शाबूत होती.)

आठवड्यानं दारात बैलगाडी थांबली. आज्जा उतरला.

"बापू, बिऱ्हाड बांध!"

"आन मी?" मी विचारलं.

"तू दोघांचं शिकायचं. दुप्पट अभ्यास हाय तुला, दिवाळीला बी यायची घाई करू नको."

"आज्जा, त्यात जरा वाढवून लिवलंय..."

"वाढवून? पटवाऱ्यानं चावडीवर मराठीत फोडून सांगितलं. गावाला पटलंय, तुला न्हाई पटत व्हय?"

बापूकाका गाडीत बसला. जाताना त्याचे डोळे भरले. "लई उपकार झाले बे," म्हणाला आणि बैलांच्या पाठीवर हात फिरवायला लागला. गाडी वळणाआड गेली तरी मी दारातच उभा होतो.

मग खोलीत मी. कित्येक दिवस दोघांच्या भाकऱ्या थापत होतो. "काका, मीठ दे," म्हणायचो, वाट बघायचो आणि उठून स्वतःच घ्यायचो. शाळेत कुणाशी बोलायचं सुचेना. वर्गात बापूकाकाच्या मजमुनाला शाबासकी मिळाली. नाव पुकारल्यावर उठायला तो नव्हता. मी उठलो आणि तसाच खाली बसलो.

पुढचा विषय मिळाला : घरापासून लांब राहून शिकण्याचे फायदे. मी दणकून सात मुद्दे लिहिले. कच्चं दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून घरमालकिणीच्या शेळीला वाचून दाखवलं. तिनं दुसरं पान खाल्लं. (सूचना म्हणून वाईट नव्हती.) तरी मी ते पान पुन्हा लिहिलं.

मौलवीसाहेबांनी मजमून वाचला आणि चष्मा काढला.

"मियाँ, लिखनेवालेकोच यकीन नहीं है!"

अख्ख्या बीडात माझ्या मनातलं ओळखणारा एकच माणूस निघाला, आणि त्यानं मला नापास केलं!